सोलापूरच्या उन्हात बंदुकीला तेल कोणते लावावे?

मे महिन्यात सोलापुरात पारा 42-43 अंशांवर गेला की बंदुकीला दिलेले पातळ तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि जाड तेल काळ्या मातीची धूळ धरून बसते. परवान्याची दुनळी बंदूक घेऊन पहारा करताना मला गंजापेक्षा या चिकट मळाने जास्त छळले आहे. म्हणून दुकानात जाण्याआधी ठरवा, तेल कोणत्या भागाला द्यायचे आहे.

आधी बंदूक रिकामी करा. दुनळी मोडून, म्हणजे पिनेवर वाकवून उघडून, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का पाहा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण काडतुसाच्या बुडातल्या टोपीत तेल झिरपले तर ऐन वेळी बार उडत नाही. मग जुना थर चिंधीने पूर्ण पुसून घ्या.

आता तेल. स्वयंपाकघरातले कुठलेच नको. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठू लागते. गड्ड्याच्या यात्रेतल्या थंडीत चाप जड झाला तर कारण तिथेच शोधा. करडईचे तेल हवा लागून आटते आणि राळेसारखे चिकट होते. जवसाच्या तेलाचाही हाच गुण, पण लाकडी दस्त्याला तो उपकारक आहे. दस्त्यावर दोन थेंब चोळा, लोखंडाला लावू नका.

डब्ल्यूडी-40 अनेकांच्या कपाटात असते. 1953 साली ते पाणी हटवण्यासाठी बनवले गेले, नावातली डब्ल्यू आणि डी ही अक्षरेही (वॉटर डिस्प्लेसमेंट) तेच सांगतात. पावसात भिजलेल्या बंदुकीवर जरूर फवारा, पण नंतर पुसून खरे वंगण द्या. त्याचा थर फार टिकत नाही.

चाप, घोडा, खटका अशा फिरणाऱ्या भागांना गन ऑइल द्या. सिंथेटिक मिळाले तर उत्तम, ते उन्हात कमी उडते. नाहीच मिळाले तर शिलाई मशीनचे तेल चालते. आपल्या शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांमुळे असली हलकी तेले सहज मिळतात. मात्र उन्हाळ्यात ते लवकर आटते, पुन्हा पुन्हा द्यावे लागते. गाडीतून काढलेले काळे इंजिन ऑइल कधीच वापरू नका, त्यात धातूचा बारीक कीस असतो.

दुनळी ज्या पिनेवर मोडते तिथे भार मोठा असतो. तिथे तेल पिळून निघून जाते, म्हणून लिथियम ग्रीसचा मुगाएवढा ठिपका लावा. काडतुसाच्या टोपीवर आदळणाऱ्या फायरिंग पिनची जागा जवळपास कोरडीच ठेवा.

किती लावायचे? बोट फिरवल्यावर चमक दिसावी, ओल लागू नये. आपल्याकडच्या धुळीत याहून जास्त तेल म्हणजे मळाला आमंत्रण.

छऱ्याच्या स्प्रिंगवाल्या एअरगनची गोष्ट वेगळी. तिच्या हवेच्या कप्प्यात खनिज तेल गेले तर दाबाच्या उष्णतेने ते पेटते, स्प्रिंग आणि सील खराब होतात. मुले नेमबाजी शिकत असतील तर हे त्यांना आधी सांगा. त्या सीलला सिलिकॉन तेलाचा थेंब पुरतो.

निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तर नळीत आणि बाहेरून नेहमीपेक्षा थोडा जाड थर द्या. परत मिळाल्यावर चिंधी कोरडी बाहेर येईपर्यंत नळी पुसा. तेलाने भरलेल्या नळीतून बार काढला तर दाब वाढून नळीला इजा होऊ शकते.