आजीला ‘निसर्ग’ विचारू नका: गावातल्या जुन्या आठवणी रेकॉर्ड कशा कराव्यात

मुरबाडच्या बाजूला एका आजींसमोर फोन ठेवून मी पहिल्यांदा विचारलं होतं, "आजी, निसर्गाशी तुमचं नातं कसं होतं?" आजी जरा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या, मग आत वळून म्हणाल्या, "चहा टाक गं पावण्याला." मुलाखत तिथंच संपली. निसर्ग हा आपल्या शाळेच्या पुस्तकातला शब्द. त्यांच्याकडं रान असतं, ओढा असतो, पाऊस असतो आणि जनावर असतं. (जनावर म्हणजे बहुतेकदा बिबट्या. रात्री त्याचं नाव घेत नाहीत.) तेव्हा वहीत प्रश्न लिहिताना ‘निसर्ग’, ‘पर्यावरण’, ‘परंपरा’ असे शब्द आले की काट मारा.

आधी नुसतं जाऊन बसा

पहिल्या भेटीत फोन खिशातच राहू द्या. भातलावणीच्या दिवसांत जाऊ नका, कुणाला बोलायला सवड नसते. दिवाळीनंतर झोडणी उरकली की माणसं निवांत असतात. तुम्ही कोण, हे कशासाठी करताय, कोण ऐकणार, हे साध्या शब्दांत सांगा. दुसऱ्या भेटीत रेकॉर्डिंग सुरू करून तेच पुन्हा विचारा: "आजी, हे मी साठवून ठेवू का? दुसऱ्यांना ऐकवू का?" त्यांचा होकार त्यांच्याच आवाजात राहतो. कागदावर अंगठा मागू नका. अंगठ्यावर जमिनी गेलेल्या घरात आपण बसलेलो असू शकतो.

फोन कुठे ठेवायचा

फोन फ्लाइट मोडवर टाका. एकदा बाबा ऐन रंगात, गोठ्यात शिरलेल्या वाघाच्या गोष्टीवर आलेले, आणि माझ्या फोनवर कर्ज हवंय का विचारणारा कॉल आला. गोष्ट पुन्हा तशी आली नाही. पंखा बंद करा, जवळ पिठाची गिरणी असेल तर तिची वेळ विचारून घ्या. फोन पत्र्याच्या पेटीवर किंवा ताटावर न ठेवता घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा, तोंडापासून हात-दीड हातावर. कॉलरला लावायचा छोटा माइक मिळाला तर उत्तमच. कोंबडं आरवलं तर आरवू द्या. तासाभरापेक्षा जास्त ताणू नका. म्हातारं माणूस दमतं, पण तसं म्हणत नाही.

प्रश्न नको, वस्तू द्या

सगळ्यात जास्त मेहनत इथं घ्या. "पूर्वी कोणत्या रानभाज्या खायचात?" असं विचारलंत तर चार नावं मिळतील. त्याऐवजी मृगाच्या आसपास बाजारातून शेवळांची जुडी घेऊन जा आणि आजींच्या हातात द्या. माझ्या त्याच आजींनी जुडी उलटीपालटी केली, एक कोंब नखानं सोलला आणि म्हणाल्या, "काकडं कुठायत? नुसती शिजवलीस तर घसा धरंल." (काकड म्हणजे एक रानझाड; त्याची आंबट फळं घातली की शेवळं खाजत नाहीत.) तिथून काकडाचं झाड कुठं होतं, ते कुणी तोडलं, त्या वाटेनं पाण्याला कसं जायचो, असं करत पाऊण तास गेला. मी मध्ये फक्त "मग?" एवढंच म्हणालो.

बाबांना पावसाचं विचारायचं तर नक्षत्रावरून सुरुवात करा. तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसूचा, म्हातारा पाऊस पुष्याचा, हत्तीचा पाऊस हस्ताचा. एक नाव काढलं की पुढची येतात. "पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती" म्हणतील. त्यावर थांबू नका, स्वाती कधी पडली आणि खरंच काय पिकलं तेही विचारा. म्हण सगळ्यांनाच पाठ असते, त्यांच्या शेतातलं साल फक्त त्यांना माहीत असतं. कावळ्यानं घरटं कुठं बांधलं, पहिल्या पावसात वलगणीचे मासे कुठल्या ओहोळात चढायचे, राब (भाताची रोपं करायची जागा) कधी भाजायचे, असलं बारीक विचारा. जमलं तर उठून त्यांच्याबरोबर देवराईपर्यंत चाला. चालताना माणूस बसल्यापेक्षा दुप्पट बोलतो.

बायकांशी वेगळं बोला. घरातला पुरुष शेजारी असला की "तिला काय ठावं" म्हणत तोच उत्तर देतो. सरपण, पाणी, बियाणं राखणं, बाळंतिणीचं औषध, हे सगळं बाईच्या डोक्यात असतं, आणि ती ते चुलीपाशी सांगते.

साल कसं काढायचं

वय विचारून उपयोग नाही, सगळे "शंभरीला आलो" म्हणतात. मोठ्या घटनेला बांधा. १९६१ ला पानशेत फुटलं, डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, १९७२ चा दुष्काळ, २६ जुलै २००५ चा पूर. "भूकंपाच्या वेळी लग्न झालं होतं का? ते रान तेव्हा होतं?" एवढ्यानं काळ पक्का होतो.

काय बाहेर जाऊ द्यायचं नाही

शिकारीच्या गोष्टी येणारच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यामुळं गोष्ट कधीची आहे हे नीट टिपा, आणि नाव-गाव वेगळं ठेवा. औषधी झाडाची नेमकी जागा, मधाच्या पोळ्यांचा कडा, देवराईतली मोठी झाडं, हे कुठंही टाकू नका. जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, जनावरं आणि त्यांच्याबद्दलची माहिती लिहायची वही, ठेवायची असते. आजींची मर्जी असेल तरच त्यात भर घालायला सांगा.

घरी आल्यावर

त्याच रात्री फाइलला तारीख, गाव आणि नाव द्या, दोन ठिकाणी प्रती ठेवा. एक प्रत दुसऱ्या घरात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यांत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव टिपलेलं आहे. नाव गेलं की आवाज कुणाचाच राहत नाही. उतरवून घेताना ‘ठावं’चं ‘माहीत’ करू नका, ‘नाय’चं ‘नाही’ करू नका. कळला नाही तो शब्द तसाच लिहून बाजूला प्रश्नचिन्ह टाका.

मग परत जा आणि ऐकवा. माझ्या आजींनी स्वतःचा आवाज ऐकून आधी तोंडाला पदर लावला, आणि पाचव्या मिनिटाला म्हणाल्या, "ह्ये चुकलं माझं. त्यो ओढा खालचा नव्हं, वरचा." त्यानंतर सांगितलेलं पहिल्यापेक्षा चांगलं होतं, आणि ते टिपायला माझ्याकडं काही नव्हतं, कारण फोन तर ऐकवण्यात अडकलेला. तेव्हा दुसऱ्या खेपेला दोन फोन न्या.