हॉलिससारख्या मरीन अधिकाऱ्याची कारकीर्द कशी शोधावी

जनरल सर लेस्ली हॉलिस (१८९७–१९६३) हे रॉयल मरीन्सचे, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या सैनिकदलाचे अधिकारी. १९३९ ते १९४६ या काळात ते ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळाच्या कार्यालयात वरिष्ठ सहायक सचिव होते आणि १९४९ ते १९५२ कमांडंट जनरल, म्हणजे मरीन्सचे प्रमुख. अशा माणसाला लढायांच्या इतिहासात शोधू नका. तो बैठकांच्या कागदांवर, तळाच्या सहीत सापडतो.

आधी हुद्द्यांचा सांगाडा उभा करा. मरीन्स नौदलाच्या अखत्यारीत, म्हणून ‘नेव्ही लिस्ट’ ही नौदल अधिकाऱ्यांची छापील यादी पाहा आणि ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात अ‍ॅडमिरल्टीच्या, म्हणजे तेव्हाच्या नौदल खात्याच्या सूचना वाचा. सूचना छापल्याची तारीख आणि हुद्दा लागू झाल्याची तारीख अनेकदा वेगळी असते, दोन्ही टिपा. युद्धकाळातला हुद्दा बऱ्याचदा हंगामी असतो. तो कायम धरला की पुढची बढती उलटी, म्हणजे पदावनतीसारखी दिसू लागते. ही चूक फार जण करतात.

सेवापुस्तिकेसाठी लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एडीएम १९६’ ही मालिका बघावी. त्यात नेमणुका आणि वरिष्ठांचे शेरे मिळतात, पण सचिवालयात रोज काय चालायचं ते मिळत नाही.

खरा ऐवज त्याच अभिलेखागारातल्या ‘सीएबी’ (कॅबिनेट, म्हणजे मंत्रिमंडळाच्या कागदांच्या) मालिकांत आहे. सेनाप्रमुखांच्या समितीची इतिवृत्तं सीएबी ७९ मध्ये, टिपणं सीएबी ८० मध्ये. युद्ध मंत्रिमंडळाची अनुक्रमे ६५ आणि ६६ मध्ये. संदर्भ उतरवताना ‘बैठक’ हा शब्द गाळू नका. १९४२ ची बारावी बैठक आणि त्याच वर्षीचं बारावं टिपण हे दोन निराळे कागद आहेत, निराळ्या मालिकांत. इतिवृत्तात एखादा विषय अर्ध्यावर तुटलेला वाटला, तर गोपनीय पुरवणी शोधा. ती स्वतंत्र ठेवलेली असते.

नावाच्या शोधात ‘लेस्ली’वर थांबू नका. कागदावर ‘एल. सी. हॉलिस’ असतं आणि सहकाऱ्यांच्या लेखनात ‘जो’. त्यांच्यासोबत इस्मे आणि जेकब या सचिवालयातल्या सहकाऱ्यांची नावंही शोधा, कारण सचिवालयाचा भार या तिघांवर होता आणि एकाच्या खाजगी कागदांत दुसऱ्याचा उल्लेख हमखास येतो. इस्मे यांचे कागद किंग्ज कॉलेज, लंडन इथल्या लिडेल हार्ट संग्रहात आहेत.

सही दिसली म्हणून मजकूर त्यांचाच असं मात्र लिहू नये. सचिवाची सही कागद वितरित झाल्याची असते. मसुदा कोणाचा, हे त्या विषयाची मूळ फाइल उघडल्यावरच ठरवा.