जुन्या सर्व्हरवर ईएसएक्सआय टाकण्यापूर्वी व्हॉल्यूमचा आकार तपासा

मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांत आणि पतसंस्थांत जुने सर्व्हर अजूनही कामात असून, त्यांवर व्हीएमवेअर ईएसएक्सआय या, एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या प्रणालीची ४.x आवृत्ती टाकताना एकच चूक वारंवार घडते. एक टीबीच्या चार डिस्क रेड-५ मध्ये (एका डिस्कइतकी जागा सुरक्षेसाठी राखणाऱ्या जोडणीत) जोडून एकच मोठा व्हॉल्यूम, म्हणजे प्रणालीला एकच डिस्क म्हणून दिसणारी साठवण, केला जातो, पण त्या आवृत्तीतील व्हीएमएफएस-३ या फाइल साठवण्याच्या पद्धतीला २ टीबीहून मोठा सलग व्हॉल्यूम वापरता येत नाही. नेमकी मर्यादा २ टीबी वजा ५१२ बाइट इतकी आहे. लातूरला एका सर्व्हरवर मी स्वतः पाहिले की, सुमारे २,७९४ जीबीच्या व्हॉल्यूमऐवजी पडद्यावर जेमतेम ७४६ जीबी दिसत होते, म्हणजे २ टीबीची (२,०४८ जीबी) मर्यादा वजा जाता उरलेला तुकडा तेवढा मोजला गेला होता. अशा वेळी डिस्क खराब झाली असे समजून ती बदलायला धावू नये.

यावर उपाय रेड कंट्रोलरच्या (डिस्क एकत्र जोडणाऱ्या कार्डाच्या) सेटअपमध्येच करावा लागतो: त्याच चार डिस्कवर एकाऐवजी २ टीबीहून लहान असे दोन व्हॉल्यूम करावेत आणि पहिल्यावर प्रणाली टाकावी. मात्र जुना व्हॉल्यूम मोडताच त्यातील सर्व माहिती जाते, म्हणून बॅकअप आधी घ्यावा आणि तो उघडून पाहावा.

व्हीएमएफएस-३ मध्ये ब्लॉकचा, म्हणजे जागा वाटण्याच्या एककाचा, आकारही सुरुवातीलाच ठरतो. १ एमबी निवडल्यास एका फाइलची कमाल मर्यादा २५६ जीबी राहते, तर ८ एमबीला ती २ टीबीपर्यंत जाते. सर्व्हरला चालत असेल तर २०११ ची ५.० किंवा त्यापुढील आवृत्तीच घ्यावी, कारण व्हीएमएफएस-५ मध्ये व्हॉल्यूम ६४ टीबीपर्यंत चालतो.