स्पीकरची खरखर गेली, खर्च जवळपास शून्य

आमचं घर वेंगुर्ल्याला, समुद्र अगदी जवळ, त्यामुळे खारी हवा कशालाच सोडत नाही. डावा स्पीकर खरखरायचा, मधेच आवाज गुल. दुकानदार म्हणे नवा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) घ्या, म्हटलं थांबा जरा. प्लग काढून मागच्या वायरी सोडवल्या तर तांब्याची टोकं काळी-हिरवी पडलेली, बोटाने चोळलं की चुरा. ती कापून आतलं लालसर तांबं मोकळं केलं, टर्मिनल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले (इअरबड काळाकुट्ट झाला राव), व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (बटणामागचा फिरता भाग) थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारून बटण मागेपुढे फिरवलं आणि खरखर बंद! जोडताना लाल-काळं नीट बघा हां, एकाच स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या तर बास (खालचा, जाड आवाज) गायब होतो.

मग जागा. चिऱ्याच्या भिंतीला, तेही कोपऱ्यात ठेवले की बास नुसता घुमतो, म्हणून दोन्ही फूटभर पुढे ओढले, तोंडं जरा आत वळवली, ट्वीटर (बारीक, वरचे सूर काढणारे छोटे स्पीकर) कानाच्या उंचीला आणले. आता डग्ग्याची घुमक वेगळी कळते, आधी सगळा गोळा व्हायचा. आता सोन्याचा मुलामा असलेले बनाना प्लग (वायरीच्या टोकाला लावायच्या पिना) मागवलेत, ते तसे गंजत नाहीत. महागड्या केबलच्या नादाला मात्र मी लागणार नाही.