वडिलोपार्जित जमिनीची वाटणी: वारस नोंदीपासून दिवाणी दाव्यापर्यंत

वाटणीच्या बोलणीला बसण्यापूर्वी कागद गोळा करा: चालू सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), आजची नावे ज्या फेरफारांनी (नावबदलाच्या महसुली नोंदींनी) लागली ते सगळे जुने फेरफार आणि निदान आजोबांपासूनची वंशावळ. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावासमोर फेरफार क्रमांक असतो, तो धरून मागे जात राहायचे. थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसले तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, एकट्याचा मालक म्हणून नव्हे. 'अ.पा.क.' असेल तर कोणीतरी अज्ञान (अल्पवयीन) होता आणि दुसरा त्याचा पालनकर्ता. अशा नोंदी पन्नास-पन्नास वर्षे तशाच राहतात आणि पुढची पिढी त्यांनाच मालकी समजते. फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी मिळत नाही आणि जातही नाही.

मग हिस्से ठरवा. खाली लिहिलेले हिंदू वारसा कायद्याचे आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांचे नियम वेगळे. मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि मयताची आई यांना सारखे हिस्से मिळतात. मयताची आई, म्हणजे घरातली आजी, हमखास विसरली जाते. आधीच वारलेल्या मुलाचा हिस्सा त्याची विधवा आणि मुले मिळून घेतात. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला 9 सप्टेंबर 2005 पासून मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केले. 'आमची तोंडी वाटणी कधीच झाली होती' एवढ्यावर बहिणीला टाळता येत नाही. त्याला 20 डिसेंबर 2004 पूर्वीचे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा लागतो, आणि तोंडी वाटणी मानली गेलीच तर ती क्वचित, सरकारी कागदांच्या भक्कम आधारावर.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच जोरात असतो. आजोबांची म्हणून प्रत्येक जमीन वडिलोपार्जित होत नाही. आजोबांची स्वकष्टार्जित जमीन 1956 नंतर वारसाने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतःची. त्यांच्या हयातीत नातवाला त्यात वाटा मागता येत नाही.

वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) तीन महिन्यांत मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि सर्व वारसांची नावे द्या. मुलींची नावे 'नंतर बघू' म्हणून गाळू नका; निम्मे दावे इथूनच जन्माला येतात असे म्हटले तरी फार चूक होणार नाही. नोंद धरल्यावर नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस असतात. हरकत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते व सुनावणी होते. नोंद मंजूर झाल्यावर कळले, तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करायचे. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा.

बहीण खरोखर हक्क सोडणार असेल तर आधी तिचे नाव लावा, मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. तलाठ्यापुढचा जबाब किंवा शंभराच्या स्टॅम्पवरचे नोटरी पुरेसे नाही. हक्कसोड सहहिस्सेदाराच्याच लाभात होते. भाऊ हयात असताना पुतण्याला द्यायचे असेल तर ते बक्षीसपत्र. कोणत्या भावाच्या लाभात सोडते ते नाव घालून लिहा, नाहीतर हिस्सा सगळ्यांत विभागतो. वडिलोपार्जित हक्क मोबदल्याविना सोडला तर मुद्रांक नाममात्र, मोबदला लिहिला की खरेदीखतासारखा. आणि कोऱ्या कागदावर सही कोणीही करू नये, नाते कितीही जवळचे असो.

सगळे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज हा स्वस्त मार्ग. एकाने जरी मालकीचा प्रश्न उभा केला, तरी तिथले काम थांबते आणि दिवाणी कोर्टात जावे लागते. घरातल्या घरात लिहायचे असेल तर भाषा जपून वापरा: आधी झालेल्या वाटणीची आठवण म्हणून केलेल्या लेखाला नोंदणी लागत नाही, पण त्या लेखानेच वाटणी होत असेल तर लागते. तुकडेबंदीही पाहून घ्या. जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. तेवढी जमीन नसेल तर एकाने घेऊन बाकीच्यांना पैसे देणे बरे. मोजणी करून पोटहिस्से पडेपर्यंत बांधाला हात लावू नका. वाट आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कागदावर आल्या नाहीत, तर पुढचे भांडण त्यावरूनच होते.

देवस्थान इनामाची जमीन वेगळी. पुजारी घराणे पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट करत असले तरी जमीन देवाची. भावांत वाटून विकता येत नाही. देवस्थान सार्वजनिक न्यास असेल तर जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

दावा करावाच लागला तर सगळे वारस आणि सगळ्या मिळकती त्यात घ्या. एक वारस वा जमिनीचा एक गट राहिला की त्यावरच दावा अडतो. वाट्यातून डावलल्याचे कळल्यापासून मुदत 12 वर्षे. पहिल्याच दिवशी तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या, म्हणजे दाव्यादरम्यान जमीन विकली जाणार नाही. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त हिस्से ठरतात. शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, घराचे कोर्ट कमिशनरमार्फत. निकाल लागला म्हणून लोक इथे थांबतात आणि प्रकरण वर्षानुवर्षे पडून राहते. त्यामुळे हुकूमनाम्याची प्रत हातात आली की वाटपासाठीचा पुढचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.