घरच्या घरी प्रवासी कॉम्प्युटर जोडताय? या चुका टाळा

पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात विजेची एक छोटी पिवळी खूण उमटते, क्षणभराने जाते, पुन्हा येते. रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर मावणारा स्वस्त कॉम्प्युटर, वापरून मशीन जोडणाऱ्यांना ही खूण बहुधा पहिल्याच दिवशी दिसते, आणि मशीन चालू आहे ना, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. आठवडाभरात मेमरी कार्ड बिघडलं आणि भाचीचं शाळेच्या प्रकल्पाचं सगळं लिखाण त्यात गेलं. मशीन तिच्यासाठीच बांधलं होतं, त्यामुळे ते फार लागलं.

साहित्य काही मोठं नाही. रास्पबेरी पाय ४, बंद पडलेल्या लॅपटॉपचा पडदा, तो चालवणारा कंट्रोलर बोर्ड, पॉवर बँक, यूएसबी कीबोर्ड आणि प्लायवूडचा डबा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका दुपारी बरंचसं जमतं. जोडणी मात्र फसते ती बहुतेक वेळा विजेपाशी.

केबलवर काटकसर

रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्टचा, ३ अँपिअर देऊ शकणारा पुरवठा हवा. व्होल्टेज ४.६३ च्या आसपास उतरलं की ती पिवळी खूण येते. पॉवर बँक उत्तम असूनही ती येत असेल तर आधी केबल तपासा. स्वस्त केबलमधली तार अनेकदा २८ गेजची असते (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). अशा एक मीटर केबलचा जाण्या-येण्याचा रोध मिळून साधारण ०.४३ ओहम भरतो. त्यातून २ अँपिअर वाहिले की ०.८६ व्होल्ट तारेतच जिरतात. ५.१ मधून ते वजा केले तर रास्पबेरीच्या तोंडाशी ४.२४ उरतात. तीच तार २० गेजची आणि वीतभर घेतली, तर तूट व्होल्टच्या शतांशात मोजावी लागते. म्हणून केबल जाड घ्या, आखूड घ्या आणि डब्याची मापं तिच्या हिशोबाने ठरवा.

नवं मॉडेल म्हणून रास्पबेरी पाय ५ घेणार असाल तर थांबा. त्याला ५ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. पुरवठा ३ अँपिअरचाच मिळाला तर ते यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतं. प्रवासी मशीनसाठी मला ४ च बरं वाटतं.

१२ व्होल्टचे ५ करायला एलएम२५९६ चिपचं छोटं बोर्ड वापरत असाल, तर रास्पबेरी लावण्याआधी मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून ते ५.१ वर आणा. त्यावरचा बारीक पितळी स्क्रू कधी कधी दहा-बारा वेढे फिरवला तरी आकडा ढिम्म हलत नाही, आणि मग अचानक उतरू लागतो. तोवर धीर धरा. त्यावर ३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण २ च्या पुढे ते चांगलंच तापतं, त्याला हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी, लावा.

पडद्याचा पूर्ण नंबर न वाचणं

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. “१५.६ इंची पडद्याचा बोर्ड द्या” असं दुकानात सांगू नका. पडदा उलटा करा. मागच्या पत्र्यावर स्टिकर असतो आणि त्यावर अक्षरं-आकड्यांचा लांब नंबर. तो शेपटीसकट उतरवून घ्या, कारण एकाच मालिकेतल्या दोन पडद्यांपैकी एक एलव्हीडीएसचा आणि दुसरा ईडीपीचा असू शकतो. पडद्यापर्यंत चित्र पोचवायच्या या दोन वेगळ्या पद्धती, आणि दोघांचे बोर्ड वेगळे असतात. पिना मोजून अंदाज बांधू नका. ३० पिनांचे जुने एलव्हीडीएस पडदेही असतात आणि ४० पिनांचे ईडीपीही. पूर्ण नंबरवरून डेटाशीट (कंपनीचा तांत्रिक माहितीचा कागद) शोधायची आणि त्यात जमलेलाच बोर्ड घ्यायचा.

बोर्ड आला की लगेच वीज देऊ नका. सार्वत्रिक बोर्डांवर पडद्याला किती व्होल्ट द्यायचे ते ठरवणारा छोटा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, असतो: ३.३, ५ किंवा १२. लॅपटॉपच्या पडद्यांना बहुतेक वेळा ३.३ लागतात. जंपर १२ वर राहून गेला तर पडदा एका क्षणात संपतो, आणि तो दुरुस्त होत नाही. मी दर वेळी जंपर बोटाने चाचपून बघतो, मग मल्टीमीटरने मोजतो, आणि त्यानंतरच पडद्याची केबल लावतो.

पडदा बराच जुना असेल तर त्याच्या मागे एलईडीऐवजी बारीक काचेची नळी असते आणि ती पेटवायला लांबट इन्व्हर्टर. त्यावर शेकडो व्होल्ट असतात आणि नळीत पारा. असा पडदा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

सेलशी खेळ

लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तो १८६५० लिथियम सेल म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. नावाजलेल्या कंपन्यांच्या चांगल्या सेलमध्येही साधारण ३,५०० मिलिअँपिअर-तासच असतात. ९,८०० छापलेला सेल दिसला की तो खोटा समजा. जुन्या लॅपटॉप बॅटरीतले सेल काढून थेट कथलाचा डाग देणारेही बघितलेत. त्या उष्णतेने सेल आतून बिघडतो. वेगवेगळ्या व्होल्टेजचे सेल समांतर जोडले तर भरलेला सेल रिकाम्यात जोराने प्रवाह ढकलतो. सुटे सेल जोडण्यापेक्षा तयार, खात्रीची पॉवर बँकच वापरा.

तिचा हिशोबही आधी करा. २०,००० मिलिअँपिअर-तास हे आतल्या ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात, म्हणजे ७४ वॅट-तास. रूपांतरात गळती होऊन हातात साधारण ६० येतात. रास्पबेरी आणि मोठा पडदा मिळून १२-१३ वॅट खातात, तेव्हा साडेचार तास धरा. दोन्ही पोर्ट मिळून किती वॅट मिळतात तेही वाचा, कारण अनेक बँकांची मर्यादा १५ च असते. आणखी एक, चार्जर लावताना-काढताना बऱ्याच बँका क्षणभर पुरवठा तोडतात. तेवढ्यात रास्पबेरी रीस्टार्ट होते. विकत घेण्याआधी हे करून बघा.

बॅटरी नसली तर ते प्रवासी मशीन कसलं, असं वाटत असेल तर १९८१ सालचा ऑस्बोर्न १ आठवा. सुमारे ११ किलो वजन, ५ इंची पडदा, आत बॅटरी नाही, आणि तरी लोक तो उचलून गावोगाव नेत. तो काढणाऱ्या अ‍ॅडम ऑस्बोर्नचं बालपण तमिळनाडूत गेलं आणि २००३ साली त्याचा मृत्यूही तिथेच, कोडाईकनालला झाला. पहिलं मशीन भिंतीच्या प्लगवर चालवा, बॅटरी नंतर घाला.

लॅपटॉपचाच कीबोर्ड वापरण्याचा हट्ट सोडा. त्याची चपटी पट्टी थेट यूएसबीला लागत नाही. मधे मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम करता येणारी छोटी चिप) बसवून एकेक कळ ओळखावी लागते आणि त्यात आठवडे जातात. डब्याला खाली-वर भोकं ठेवा. रास्पबेरीची मुख्य चिप ८० अंश सेल्सिअसला पोचली की वेग आपोआप कमी होतो. पॉवर बँक त्या चिपला चिकटवून ठेवू नका.

बिघाड शोधताना

सगळं टेबलावर मांडून तासभर चालवल्याशिवाय डब्याचे स्क्रू आवळू नका. पडदा काळा दिसत असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च तिरपा मारा. पुसट चित्र दिसलं तर पडदा जिवंत आहे, फक्त मागचा प्रकाश गेलाय. रंग उलटे किंवा चित्र चिरफाळलेलं दिसलं तर बोर्डावरचं फर्मवेअर (बोर्ड चालवणारा, त्यातच भरलेला प्रोग्रॅम) त्या पडद्याचं नाही. प्रकाश आहे पण चित्र नाही, तर एचडीएमआय केबल यूएसबी-सीच्या शेजारच्या पोर्टात लावा, आधी पडदा चालू करा आणि मग रास्पबेरी. तिचा हिरवा दिवा लुकलुकतच नसेल तर मेमरी कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा लिहून बघा. आणि पिवळी खूण परत दिसली तर चालू काम लगेच सेव्ह करून मशीन शटडाउन करा, वायर उपटू नका, आणि केबल बदलूनच पुन्हा सुरू करा.