डांबरीवरून खाली उतरा: भरतीच्या सोळाशेची तयारी गावात कशी करावी

विदर्भातल्या कोणत्याही गावाबाहेर पहाटे पाचला डांबरीवर पोट्टे पळताना दिसतात. पोलीस भरती निघो न निघो, पळणं चालूच. बरेच जण रोज सोळाशे मीटर जीव तोडून पळतात अन् रोज घड्याळ पाहतात. दोन महिन्यांनी वेळ तिथंच, नडगी तेवढी ठणकते.

आधी रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) दोन्ही बघून घ्या. हिमोग्लोबिन मुलींचं १२ च्या, मुलांचं १३ च्या खाली असेल तर आधी त्यावर उपचार, मग वेग. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया पट्ट्यात सिकलसेल बराच आहे. वाहकाला, म्हणजे आई-बापापैकी एकाकडूनच हा दोष आलेल्याला, एरवी काही जाणवत नाही, पण उन्हात, तहानलेल्या अंगानं एकदम जोर लावला तर जिवावर बेतू शकतं. वाहक निघालात म्हणून पळणं सोडायचं नाही. वेग हळूहळू वाढवा, पाणी पीत राहा, पाय-कंबर दुखून गळाल्यासारखं झालं की तिथंच थांबा आणि सोबत्याला दवाखान्यात न्यायला सांगा. सिकलसेलचा आजारच असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पाऊलही पळू नका.

जागा. मुरमाची पांदण किंवा हरभरा निघालेलं सपाट वावर. गाडीच्या मीटरवर विसंबू नका, टेपनं ४०० मीटर मोजून खुंट्या ठोका.

आठवडा असा लावा. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटरचे पूर्ण २० गुण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं, म्हणजे दर ४०० मीटरला साधारण ७७ सेकंद. मुलींना ८०० मीटरला २ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे ४०० ला ८५. हा वेग आठवड्यातून एकदाच काढायचा: ४०० मीटर सहा वेळा, मध्ये दोन-तीन मिनिटं चालणं. सुरुवातीला चारच वेळा जमलं तरी पुष्कळ. तीन दिवस ३० ते ४० मिनिटं इतकं हळू पळा, की सोबत्याशी गप्पा मारता याव्यात. लोक हसतील, हसू द्या. दम याच पळण्यानं वाढतो. एक दिवस भरतीतल्या बाकी चाचण्या, म्हणजे १०० मीटर धाव आणि गोळाफेक, सोबत दंड-बैठका. बाकी दोन दिवस सुट्टी, त्यातला एक फवारणीच्या दिवसाला जोडा. पंप पाठीवर घेऊन आल्यावर पळायचं नाही. सोळाशेची पूर्ण चाचणी तीन आठवड्यांतून एकदाच.

ताट. डब्यातली पावडर नको, ते पैसे बुटांना लावा. ६० किलोच्या पोट्ट्याला दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. ५० ग्रॅम फुटाण्यांतून १०, तेवढ्याच शेंगदाण्यांतून १२, दोन अंड्यांतून १२, ५० ग्रॅम सोयावडीतून २५. वर घट्ट वरण आणि तीन ज्वारीच्या भाकरी झाल्या की हिशेब जुळतो. गंमत अशी, की वावरभर सोयाबीन पिकवणाऱ्या घरात ते ताटात कधी येत नाही. कुणी भिजवून कच्चंच खातं. तसं खाऊ नका, नीट शिजवा. अंबाडीच्या भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा टाळा, नाहीतर भाजीतलं लोह अंगी लागत नाही.

उन्हाळ्यात साडेसहाच्या आत घरी या. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं प्या. जास्त मीठ म्हणजे जास्त ताकद नव्हे.

मैदानी चाचणीआधीचे शेवटचे दहा दिवस पळणं निम्मं करा. मैदानावर जुनेच बूट घाला. आदल्या रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी कुठंही झोपावं लागतं, तेव्हा भाकर, जवसाची चटणी आणि केळी घरूनच बांधून न्या. स्टँडवरचे तर्रीपोहे मैदान झाल्यावर.